न धुतलेली पानं

प्रियदर्शनीला पेस्टो हा इटालियन चटणीचा प्रकार खायचा होता. ती पाचवीत होती आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर परदेशी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसायची. तिची आई यशोधरा नेकनूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची. पेस्टोला लागणारी ती बेसिल म्हणजे सब्जाचंच झाड, हे कुठंतरी वाचल्यावर यशोधराने किराणा दुकानातून मूठभर सब्जा आणला आणि घरामागे, शेजारच्या बजरंगच्या कापसाला लागून असलेल्या बांधावर टाकला. ऑगस्टपर्यंत रोपं गुडघ्याला लागली.

तिचा नवरा संजय परळीला वीज केंद्रात नोकरीला होता आणि त्या रविवारी त्याला रजा नव्हती. घरात तिघीच होत्या. यशोधरा, मुलगी आणि सासू दगडाबाई.

दहाच्या सुमाराला मायलेकींनी टोपलीभर पानं खुडून आणली. यशोधराने ती पाण्यात टाकायला घेतली तशी मुलगी ओरडली, "मम्मी, धुवायची नाहीत! पाणी राहिलं की काळी पडतात. नुसती पुसायची."

यशोधराने सुती फडक्याने पानं पुसली. खलबत्त्यात लसूण, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे कुटले, मग पानं मूठमूठ टाकत गेली. शेवटी किसलेलं चीज, लिंबू आणि करडईचं तेल. हिरवागार गोळा तयार झाला.

दगडाबाईंनी वाकून वास घेतला. "लई उग्र येतोय गं."

"परदेशी प्रकार आहे आत्या. असाच असेल."

तिघींपैकी कुणीच तो कधी खाल्ला नव्हता, त्यामुळे वास कसा असायला हवा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रियदर्शनीने उकडलेल्या शेवयांबरोबर दोन घास खाल्ले आणि कडू लागतंय म्हणून ताटली बाजूला सारली. यशोधराने थोडा खाल्ला. दगडाबाईंना मात्र तो भाकरीबरोबर आवडला. त्यांनी दोनदा वाढून घेतला.

भांडी घासून होताहेत तोवर मागच्या दारात बजरंग आला. तिशीचा, बोलायला मोकळा माणूस.

"मॅडम, एक सांगायचं राह्यलं. तुमच्या त्या रोपांवर अळी दिसली. सकाळी कापसावर फवारत होतो, पंपात औषध उरलतं. म्हणलं वाया कावून घालवायचं, मारलं तुमच्या रोपांवर. आठ-दहा दिस पानं तोडू नका, एवढंच."

यशोधराने हातातली ताटली खाली ठेवली. "किती वाजता मारलं?"

"आठ वाजले असतील. कावून?"

तिने ओट्यावरच्या खलबत्त्याकडे बोट केलं. बजरंगने आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"खाल्लं? सगळ्यांनी?"

ती धावत पुढच्या खोलीत गेली. प्रियदर्शनी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. यशोधराने तिला उचलून उजेडात नेलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं, कपाळाला हात लावला. कपाळ गार की गरम ते तिला कळेना. बजरंग मागून म्हणत होता, "मिठाचं पाणी पाजतो, वकून टाकतील."

"थांबा, काही पाजू नका!" तिने बीडच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या मैत्रिणीला, मनकर्णाला, फोन लावला. पलीकडून मनकर्णा एका दमात बोलली. ओकारी काढू नका, अंगावरचे कपडे बदला, हात-तोंड धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका.

बाटली बजरंगने शेतात विहिरीपाशी टाकली होती. तो चिखलातून धावत सुटला. तो परत येईपर्यंत पाचच मिनिटं गेली असतील, पण यशोधरा दारात उभी राहून नुसती "लवकर, लवकर" म्हणत होती आणि आपण हे मोठ्याने म्हणतोय हे तिला कळतही नव्हतं.

त्याच्या पिकअपमध्ये सगळे दाटीवाटीने बसले. मुलगी यशोधराच्या मांडीवर, दगडाबाई खिडकीशी.

"तोंडात पाणी सुटतंय का? पोट दुखतंय? नीट सांग."

"नाही गं मम्मी."

"सातचा पाढा म्हण."

सात पाचा पस्तीसपर्यंत नीट झालं. पुढे ती अडखळली आणि यशोधराने तिची हनुवटी वर करून डोळ्यांत पाहिलं. मग प्रियदर्शनी रडायला लागली. "तू अशी बघू नको ना माझ्याकडं. मला भीती वाटते."

यशोधराने तिला छातीशी धरलं, पण नजर हटवली नाही. पापणी लवली तरी तिला धस्स व्हायचं. आपणच पानं तोडली, आपणच कुटली, आपणच वाढली. धुतली असती तर? निदान एकदा पाण्यातून काढली असती तर? समोर ट्रॅक्टर आला की बजरंग हॉर्नवरचा हात काढत नव्हता. दगडाबाई पदराने तोंड पुसत बाहेर बघत होत्या.

दवाखान्याच्या दारात यशोधरा मुलीला घेऊन उतरली आणि आत धावली. मागून बजरंगची हाक आली.

"मॅडम! आजी!"

दगडाबाई उतरताना पिकअपच्या पायरीपाशीच खाली बसल्या होत्या. पाय त्यांना धरत नव्हते. पोलकं घामाने भिजलं होतं, ओठांच्या कडेने लाळ गळत होती आणि पदराचं टोक ओलंचिंब होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून पाहिलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"बाटली कुठंय?"

बजरंगने शर्टाच्या आतून चिखलाने माखलेली बाटली काढून दिली. डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि नर्सला इंजेक्शन सांगितलं. पडदा ओढला गेला. यशोधरा पडद्याबाहेर उभी राहून सासूबाईंच्या श्वासाची घरघर ऐकत राहिली. तोपर्यंत दुसऱ्या नर्सने तिला आणि मुलीला तपासलं. दोघींना काही झालेलं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं.

नोंद करायला पोलीस आला. "फवारलं कुणी?" त्याने विचारलं. यशोधराच्या मनात बजरंगबद्दल इतका राग होता की तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं सांगता येत नाही. ती बोलायच्या आधी बजरंगच पुढे झाला.

"मीच मारलं साहेब. न विचारता मारलं. माझं नाव लिहा."

संजय परळीहून पोचेपर्यंत दगडाबाईंची लाळ आटली होती, पण त्या बरळत होत्या. दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. डॉक्टर बाहेर आले की यशोधरा उठून उभी राहायची. बजरंग बाहेरच्या बाकावर बसून असायचा. तिने त्याला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

तिसऱ्या दिवशी दगडाबाईंना साध्या वॉर्डात आणलं. आवाज बसला होता.

"आत्या, गाडीत काही होत होतं तर सांगितलं का नाही?"

"घरीच कळ आल्ती गं पोटात," त्या म्हणाल्या. "पर तुझं सगळं ध्यान पोरीवर. म्हणलं, मी बोलले तर तू दोन्हीकडं बघशील. तवा पोरीलाच बघू दे."

यशोधरा त्यांचा हात धरून बसली, आणि थोड्या वेळाने तिने तो हात उलटा करून नाडी चाललीय का ते पुन्हा एकदा पाहिलं.