रुखवतातली बोरं

"वहिनी, तुमचा तो बोरांचा केक पाहिजे," असं म्हणत संयोगितावन्सं माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. मी हातातली किसणी ओट्यावर ठेवली.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. सांगलीच्या याच घरात वाढलेली आणि साताऱ्याला दिलेली. आता सत्तरी उलटून गेली, तरी 'पाहिजे' हा शब्द माहेरच्या लाडक्या लेकीसारखाच उच्चारतात. सोबत त्यांची नात अपूर्वा होती. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. पोरगी घरीच केक करून विकते. हात चांगला आहे.

"आजी, रुखवतात लाडू-करंज्या सगळेच मांडतात," अपूर्वा मला म्हणाली. "मला आपल्याकडच्या सुकवलेल्या फळांचा केक मांडायचाय. वाईची स्ट्रॉबेरी मी स्वतः सुकवलीय, तुती आहेत, बेदाणे आहेत. पण तुझी बोरं काही मला जमत नाहीत. तळाशी जाऊन बसतात."

"कोरड्या पिठात घोळवत नसशील."

"घोळवते की!"

"मग निथळत नसशील नीट. ओल्या बोरांना पीठ लावलं की चिखल होतो."

"बघ, म्हणून तर तू हवीस," ती हसून म्हणाली आणि बरणीतलं एक सुकं बोर तिनं तोंडात टाकलं. वन्संनीही हात पुढं केला. मी झाकण लावलं.

ही बोरं माझ्या माहेरची, औंधच्या शेताच्या बांधावरची. लहान, आंबट, गरापेक्षा बीच मोठं. माझी आई, बनुबाई, ती घराच्या धाब्यावर वाळवायची. वाळली की बिया काढायच्या आणि कुटून त्यात गूळ, मीठ, मिरची घालून बोरकूट करायचं. बेदाणा आमच्या घरी औषधापुरता यायचा. माझ्या लग्नात आईनं रुखवतासाठी बोरकुटाच्या वड्या केल्या. प्रत्येक वडीवर तीळ बसवले होते. हात सोलवटले होते तिचे.

लग्न औंधलाच, शाळेच्या आवारात झालं. मी आत गौरीहरापुढं मान खाली घालून बसले होते. रुखवत बाहेर ओट्यावर मांडलं होतं. नवऱ्याकडच्या बायका ते बघायला आल्या आणि भिंतीपलीकडून मला या वन्संचा आवाज ऐकू आला. "बेदाण्याच्या गावाला बोरं न्यायची? शेळ्यांचा खुराक कुणी मांडला हा?" खूप हसल्या सगळ्या. मग ताट सरकवल्याचा आवाज झाला; ते टेबलाखाली गेलं, हे मला मागाहून कळलं. आईचा आवाज काही आला नाही.

त्यानंतर आईनं माझ्या सासरचा उंबरा ओलांडला नाही. दर संक्रांतीला ती सांगलीच्या एसटी स्टँडवर यायची, बोरकुटाचा डबा माझ्या हातात द्यायची. "लय दिस टिकतंय, जपून खा," म्हणायची आणि परतीच्या गाडीत बसायची. माझी दोन्ही बाळं तिनं स्टँडवरच्या बाकड्यावर बसून पाहिली.

वन्संना मी आजवर काही बोलले नव्हते. दिवाळीला त्यांच्या डब्यात फुटक्या करंज्या तेवढ्या वेचून भरत आले. ते त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही, याचा राग वेगळा.

"करीन केक," मी म्हणाले. "पण एक अट. रुखवताशी वन्सं उभ्या राहतील. केक कुणाचा, असं जो कोणी विचारील, त्याला सांगायचं, औंधच्या बनुबाईंचा."

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. "बनुबाई कोण?"

अंगातून जाळ गेला माझ्या. माझ्या आईचं नावसुद्धा या बाईला ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. ओटा, शेळ्या, टेबल, सगळं. अपूर्वा बोर चघळायची थांबली.

"मी? असं बोलले?" वन्सं म्हणाल्या. "छे हो वहिनी. मला तर काहीच आठवत नाही."

"मला आठवतंय तेवढं पुरे. अट कबूल आहे का?"

"नातीसाठी काय, उभी राहीन की," त्या सहज म्हणाल्या. मला ते सहज म्हणणंही सोसवलं नाही.

केक मी मन लावून केला. आल्याच्या गुळवणीत बिया काढलेली बोरं भिजवली, फडक्यावर पसरून चांगली सुकू दिली, मग कणकेत घोळवली. तुती आणि स्ट्रॉबेरीचे काप शेवटी घातले, नाहीतर त्यांचा रंग सगळ्या पिठात उतरतो. पूर्वी मी वाळूच्या पातेल्यात केक भाजायचे, आता ओव्हन आहे. घरभर वास सुटला तेव्हा मला वन्संचा चेहरा दिसत होता. चारचौघांत उभ्या आहेत, मान खाली आहे आणि माझ्या आईचं नाव घेताहेत. त्या चेहऱ्यासाठी मी या वयात अर्धा दिवस पाय दुखेस्तोवर उभी होते.

साताऱ्याच्या कार्यालयात केक मधोमध मांडला. वन्सं पैठणी नेसून शेजारी उभ्या राहिल्या. मी समोरच खुर्ची टाकून बसले.

"कुणी केला हो केक?"

"औंधच्या बनुबाईंचा आहे. माझ्या वहिनींच्या आईचा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्यांदाही वाटलं. वन्सं शाळेतल्या मुलीसारखं पाठ म्हणत होत्या.

मग नवऱ्या मुलाची आत्या आली, शालूबाई. तासगावकडची बडी बागायतदार मंडळी ती. गळ्यात ठसठशीत दागिने. तिनं वाकून केक निरखला.

"आवं, ही बोरं हायत का?"

"हो. औंधच्या बनुबाईंचा केक आहे," वन्सं म्हणाल्या.

"कोण म्हणायची ही बनुबाई? तिला बेदाणा मिळाला न्हाई व्हय? आमच्या शेडात बेदाण्याच्या राशी लागल्यात. शेरडाम्होरं टाकायची बोरं आन् ह्यांनी रुखवतात मांडल्यात!"

भोवतीच्या बायका खळखळून हसल्या. वन्संचा चेहरा पडला. अगदी मला हवा होता तसा पडला. पण त्या हसण्यात नाव माझ्या आईचं होतं. मीच ते इथं आणून मांडलं होतं.

"चवीला फार चांगला आहे हो," वन्सं हळूच म्हणाल्या. शालूबाई तोवर पुढच्या ताटाशी गेली होती.

लग्नाची वेळ झाली तशी सगळी माणसं अक्षता घ्यायला मांडवाकडं पळाली. रुखवताशी आम्ही दोघीच उरलो. वन्सं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"हिरवं लुगडं होतं," त्या म्हणाल्या.

"कुणाचं?"

"तुमच्या आईंचं. ओट्याच्या खांबाशी उभ्या होत्या. पदराला जळल्याचं भोक होतं, ते मुठीत धरून ठेवलं होतं त्यांनी. आता ती बाई बोलली ना, तेव्हा एकदम दिसल्या मला." त्यांनी ओठ पुसले. "मी बोलले तर त्या हसल्या, वहिनी. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. कळलं होतं का हो?"

"कळलं होतं."

मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण लुगडं हिरवं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी आत मान खाली घालून बसले होते. आईचा एकही फोटो नाही. त्या दिवशी तिला ओट्याशी पाहिलेलं माणूस आता जगात एवढं एकच उरलं होतं.

"माफ करा मला," वन्सं म्हणाल्या.

"ते काही व्हायचं नाही," मी म्हणाले. "पुढं सांगा. केसांत फूल माळलं होतं का तिनं?"

मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. कर्ण्यातून आवाज असा आला की वन्संचं बोलणं त्यात बुडून गेलं. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि माझा बरा कान त्यांच्या तोंडाशी नेला.