काट्याला खबर कोण देतं

शिरीनबाई डॉक्टरांच्या गाडीत एकच कायदा चालायचा. वेगाचा काटा तिसाच्या पुढे सरकायचा नाही. एकदा सरकला तर तंबी, दुसऱ्यांदा सरकला तर शेवटची तंबी, आणि तिसऱ्यांदा ड्रायव्हरने किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरचा रस्ता धरायचा. आधीचे तीन ड्रायव्हर असेच गेले होते. बाईंचे यजमान नवसारीच्या रस्त्यावर भरधाव गाडीत झाडावर आदळून गेले, हे साऱ्या सुरतेला ठाऊक होतं. त्यामुळे त्या कायद्याला कोणी हसत नसे.

भिकन पारोळ्याकडचा. सुरतेत आला तो कापडाच्या मागावर कामाला; मोटार मागाहून शिकला. बाईंकडे आल्यापासून त्याने काट्याला तिसाशी ओळखसुद्धा होऊ दिली नव्हती. सायकलवर दुधाच्या बरण्या लटकावून जाणारे भरवाडही घंटी वाजवून त्याच्या पुढे निघून जात. तो मान हलवून त्यांना वाट देई.

आणि अशा माणसाचा काटा पौषातल्या एकाच आठवड्यात दोनदा साठावर गेला.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा सकाळची वेळ होती, गाडी उधन्याच्या रस्त्याला होती. बाई नेहमीप्रमाणे पुढे बसून काट्याकडे बघत होत्या. समोर सुताच्या गाठोड्यांनी भरलेली बैलगाडी डुलत चालली होती आणि भिकन तिच्या मागे मागे.

"साठ!" बाई किंचाळल्या. "भिकन, साठ!"

"बाई, पुढं बैलगाडी आहे. साठनं गेलो असतो तर आत्ता आपण बैलाच्या पोटात असतो."

"मारे बैल नथी जोवो. काटा जोवो छे."

"काटा चुकतोय, बाई."

"माणूस चुकते. माणूस खोटा बी बोलते. मी तीस वरस थर्मामीटर बघते, तो कधी खोटा नाय बोलला. आ बीजी वार थयुं, दुसऱ्यांदा. सोमवारे नवसारी जवानुं छे. त्या रस्त्यावर काटा असा गेला तर किल्ली टेबलावर."

भिकनने गाडी बैलगाडीच्या मागेच ठेवली. नोकरी जाईल ही धास्ती होतीच. मागावर परत जायचं म्हणजे पुन्हा तो खडखडाट, जो कानातून डोक्यात शिरतो आणि झोपेतही थांबत नाही. पण त्याहून त्याला दुसरंच काही टोचत होतं. गाडी हळू चाललीय हे त्याच्या पायाला कळत होतं, बैलाला कळत होतं, रस्त्याला कळत होतं. मग काट्यालाच तेवढी वेगळी खबर कोण देत होतं?

बाई जेवून आडव्या झाल्या की गाडी दुपारभर मोकळी असायची. त्या वेळात त्याने ती खटोदऱ्याला पोपट मिस्त्रीच्या छपराखाली नेली. पोपट चाळीसगावचा, ट्रक आणि अँबेसेडर त्याच्या हातातल्या. ही गाडी मात्र जर्मन बनावटीची, बुटकी, पाठीवर कुबड आलेली. बाईंच्या भावाने आफ्रिकेतून आणलेली. पोपटने पुढचं झाकण उघडलं, तर आत इंजिनाच्या जागी बाईंची छत्री आणि एक टोपली.

"इंजिन कुठं गेलं हिचं?"

"मागं आहे."

"शेपटीत डोकं! अशा जनावराला ताप आला तर हात कुठं लावायचा?" म्हणत पोपट गाडीखाली सरपटला. "हे बघ भाऊ, काट्याला खबर देते ती वायर. वायर निघते गिअरबॉक्समधून. अँबेसेडर घे, ट्रक घे, कायदा एकच."

गिअरबॉक्सही मागेच होता. पोपटने तो चहूबाजूंनी चाचपला. वायर नव्हती. बाहेर येऊन त्याने कपाळ पुसलं आणि कपाळ आणखी काळं केलं.

"वायरच नाही. तुझा काटा आपल्या मनानंच हलतो बघ. बाईसारखा."

भिकनला हसू आलं नाही. तो काट्याच्या मागे हात घालून बसला होता. तिथे बोटाएवढी जाड एक दोरी त्याला लागली. मागावर सूत तुटलं की तुटलेलं टोक जिथे सापडेल तिथून मागे मागे जायचं, मध्ये उडी मारायची नाही, ही त्याची जुनी सवय. तो दोरीला बोट लावून निघाला. दोरी पुढच्या बाजूला गेली, खाली उतरली, पत्र्यातून बाहेर पडली आणि थेट पुढच्या चाकात शिरली. चाकाच्या मधोमध एक छोटी टोपी होती, तिच्या पोटात दोरीचं टोक रुतलेलं.

"मिस्त्री! चाकातून येते!"

"चाकातून?" पोपट धावत आला. दोघं उकिडवे बसून त्या टोपीकडे बघत राहिले. शेवटी पोपटने जॅक लावून चाक उचललं. भिकन आत बसला, पोपटने हाताने चाक फिरवलं. काटा थोडा उठला. जोरात फिरवलं, आणखी उठला. सोडलं, निमूट खाली आला.

"छान चालतोय की! तुझ्या काट्याला काय धाड भरलीय?"

"सकाळी भरते."

"आणि आत्ता?"

"दुपारी शहाण्यासारखा वागतो. सकाळी अंगात येतं."

"मग भगत बघ भाऊ. मी मिस्त्री आहे."

भिकन गाडी घेऊन परतला, पण 'सकाळी' हा शब्द त्याच्याबरोबर आला. तीच गाडी, तेच चाक, तीच दोरी. सकाळी आहे आणि दुपारी नाही, असं काय असतं? धुकं असतं. दव असतं. दव चाकात जातं म्हणावं तर पावसाळ्यात अख्खं पाणी गेलं होतं, तेव्हा काटा का नाही बिथरला?

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तो ओट्यावर दात घासत होता. भागीरथी, त्याची बायको, डोक्यावरून न्हाऊन आली होती आणि तेलाची बाटली हातावर आपटत होती. बाटलीतून काही येईना.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

"तेल थिजी गयं ना. काय थंडी पडनी बाई!" तिने बाटली उन्हात ठेवली. "जरा उन लागू द्या, मंग पातळ व्हई."

भिकनचा हात दातांवरच थांबला. बाटलीत पांढरा गोळा बसला होता. ऊन त्याच्यावर चढत गेलं तशी त्याच्या कडेने पाण्यासारखी एक रेघ सुटली. सकाळी घट्ट, दुपारी पातळ.

"असं काय देखी राह्यनात? कधी तेल नई देखं का?"

"देखं," भिकन म्हणाला. "मीच टाकं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने गाडी धुऊनपुसून पूजेला तयार केली होती. तेव्हा काट्यामागून बारीक कुरकुर येत होती. दसऱ्याला कुरकुरतं यंत्र पुजायचं नाही, आधी त्याला तेल द्यायचं, ही मागावरची रीत. आणि तेल कुठलं? त्याच्या पहिल्या कारखान्यातले जुने कारागीर मागाच्या धोट्याला खोबरेलच लावत. काळ्या तेलाचा डाग कापडावर पडला की तिथला मुकादम कानशिलात द्यायचा. इथे तर काट्याशेजारी बाईंची पांढरी साडी. भिकनने दोरीचं वरचं टोक सोडवून भागीरथीच्या बाटलीतलं खोबरेल चांगलं सढळ हाताने आत सोडलं होतं. कुरकुर बंद झाली होती. पौषापर्यंत सगळं छान चाललं होतं. थंडी नव्हती ना तोवर.

तो तसाच निघाला, बाईंच्या अंगणातून गाडी काढली आणि खटोदरा गाठला. गार आहे तोवरच बघायचं होतं. पोपट अजून पांघरुणात होता. शिव्या देत उठला, पण भिकनचं बोलणं ऐकून त्याची झोप उडाली. त्यांनी दोरीच्या आतली पोलादी तार ओढून काढली. तिला पांढरं मेण धरलं होतं. पोपटने वास घेतला.

"अरे, ही तार न्हाऊन आलीय! वेणी घालायची का हिची?"

तार फिरताना त्या थिजल्या तेलात अडत होती, पीळ खात होती आणि पीळ सुटला की उसळत होती. सूत गुंडाळायची चाती अडली की सूतही हेच करतं, भिकनने हजारदा पाहिलं होतं. पण खरा खेळ काट्याच्या डबीत होता. ती त्यांनी छगन घड्याळजीकडून उघडवली. आत तारेबरोबर एक लोहचुंबक फिरतो आणि शेजारची हलकी वाटी त्याला न शिवता त्याच्या ओढीने वळते. काटा त्या वाटीला जोडलेला. फिरत्या तारेने तेल तिथवर चढवलं होतं. थंडीत त्याने चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटवून टाकली होती, म्हणून काटा साठावर ओढला जात होता. छगनने पेट्रोलने डबी स्वच्छ केली, पोपटने तार धुऊन तिला शिसपेन्सिलीची पूड चोळली.

"बाईला सांग, वायर जुनी झालती," पोपट म्हणाला. "खोबऱ्याचं नाव काढू नको. किल्लीबरोबर तुलाही टेबलावर ठेवील."

भिकन हो म्हणाला. आणि बाईंसमोर उभा राहिल्यावर त्याला ते जमेना. वायर जुनी झाली होती म्हटलं, तर काटा आपोआप बिघडला असं झालं असतं. मग उद्या तो पुन्हा बिघडणार नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"बाई, काट्यात मी खोबरेल घातलं होतं. दसऱ्याला."

बाईंनी चष्मा काढला. "शुं घातलं?"

त्याने सगळं सांगितलं. बाटली, थंडी, वाटी, चुंबक. बाई ओरडतील म्हणून तो खाली बघत होता. पण खुर्ची सरकली, म्हणून त्याने वर पाहिलं. बाई उठून चपला शोधत होत्या.

"मने बताव."

अंगणात त्याने चाक उचललं. बाईंनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. भिकन आतून ओरडला, "दहा! पंधरा!" बाईंनी आणखी जोर लावला. "वीस!" मग त्याला चाकाशी बसवून त्या आत जाऊन बसल्या आणि स्वतः काटा बघितला. पुन्हा बाहेर आल्या. हात काळे झाले होते.

"चार चाक छे. आणि हा एकाचंच ऐकते?"

"हो बाई."

"आणि तेही एका वायरच्या तोंडून!" बाई हात तसेच धरून उभ्या होत्या. "मारो थर्मामीटर बी कोणी गरम चहामां बुडवला तर खोटाच बोलणार." मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "उद्या सवारे सात वागे. उशीर नाय करायचा."

सोमवारी धुकं दाट होतं. काच आतून सारखी धुरकटत होती. शहर मागे पडलं, नवसारीचा रस्ता लागला. काटा अठ्ठाविसावर होता, गाभाऱ्यातल्या समईसारखा, न हलता. भिकनचे डोळे त्याच्यावरून निघत नव्हते. बाईंचे कुठे आहेत हे बघायचा त्याला धीर होत नव्हता.

"भिकन," बाई म्हणाल्या.

त्याचा पाय आपोआप उचलला गेला.

"माग तू का सोडला?"

त्याने वळून पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. धुक्यातून ताडाची झाडं एकेक करून बाहेर येत होती.

"आवाज सोसेना, बाई."

"कसला आवाज? सांग तो."

आणि भिकन सांगू लागला.