एका जागी किती रात्री

आमची मेंढरं वर्षातले दहा महिने अकलूजकडच्या मळ्यांत असायची. ज्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्याने खताच्या बदल्यात धान्य द्यायचं, हा जुना रिवाज. चार-सहा रात्री झाल्या की मालक म्हणायचा, "बिरप्पा, आता पलीकडं घे," आणि माझे वडील, आप्पा, वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, उचलून पलीकडे लावायचे. उरलेले दोन महिने कळप गावी, सांगोल्याच्या दक्षिणेला. तेव्हा साठणारी लेंडी डाळिंबवाले ट्रॅक्टर आणून घेऊन जात. आमच्या स्वतःच्या दीड एकराला त्यातलं काही मिळत नसे.

मी सोलापुरात एका माती तपासणी प्रयोगशाळेत काम करते. तरी ही गोष्ट माझ्या आधी माझ्या धाकट्या भावाच्या लक्षात आली. मागच्या आषाढात बिरुदेवने पिशवीतून आमच्या रानाची माती आणली. "आक्का, आपला बी रिपोर्ट काढ की. जगाचा काढतीस."

सेंद्रिय कर्ब कमी, नत्र फारच कमी. मी त्याला फोन करून तेवढंच सांगितलं.

त्याच आठवड्यात त्याने आप्पांना सांगितलं की यंदा कळप अकलूजला जाणार नाही, आपल्याच रानात बसेल.

"मंग वर्षभर खायचं काय? लेंडी?" आप्पा म्हणाले.

"जुंधळा खायचा. आपल्या रानातला."

आमचा चुलत भाऊ गुंडा तेव्हा घरी आला होता. तो सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर आहे. "आप्पा, ह्याला माझ्याकडं पाठवा," तो म्हणाला. "मेंढरामागं फिरणाऱ्याला पोरगी कोण देतंय?"

"आन् तुला दिली व्हय रे अजून?" बिरुदेव म्हणाला. आई तोंडाला पदर लावून हसली.

शेवटी आप्पांनी शब्द दिला. एक साल. आठ पोती ज्वारी झाली तर कळप राहील. नाही झाली तर मेंढरं विकायची आणि बिरुदेवने गुंडाबरोबर जायचं. आप्पांचे गुडघे गेले होते. त्यांना त्याच्यासाठी छपराखालचं काम हवं होतं, आणि मला ते चुकीचं वाटत नव्हतं.

श्रावणापासून पेरणीपर्यंत पन्नास रात्री मिळाल्या. बिरुदेवने रस्त्याकडून सुरुवात केली आणि एका जागी चार-चार रात्री मेंढरं बसवली. चाळीस रात्रींत जेमतेम बारा गुंठे झाले. मग घाई झाली आणि पुढच्या बारा गुंठ्यांत जागेला एकेकच रात्र मिळाली. बाकी रान तसंच पेरलं.

कार्तिकात मी गावी गेले तेव्हा रस्त्याकडची ज्वारी माणसाच्या वर गेली होती. पानं रुंद, काळपट हिरवी. मोटारसायकलवरून जाणारे थांबून विचारत, "बियाणं कुठलं, पाव्हणं?" बिरुदेव म्हणे, "बियाणं तुमचंच, मेंढरं आमची." पलीकडच्या, एकेक रात्रीच्या पट्ट्यातली ज्वारी कमरेच्या थोडी वर होती. तिकडे कोणी बघत नव्हतं. मीही बघितलं नाही.

आमच्या रानात दोन फुटांवर मुरूम लागतो. आमची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवरच पिकते. एवढ्या मातीत ती ओल किती मावते हे मला ठाऊक होतं, आणि मोठं पान जास्त पाणी उडवतं हेही. दोन्ही मी एकत्र मांडलं नाही.

पौषात बिरुदेवचा फोन आला. "आक्का, पानं सुरळी करायला लागली. कणीस पोटरीतच अडकलंय, पानातनं भाईर पडंना."

"कुठल्या पट्ट्यात?"

तो म्हणाला, "रस्त्याकडच्या."

मळणी झाली त्या रविवारी मी घरी होते. पाच पोती भरली. त्यातली तीन एकेक रात्रीच्या पट्ट्यातली होती. रस्त्याकडच्या बारा गुंठ्यांत कडब्याची गंज उभी राहिली आणि दाणे एका पोत्याच्या तळाला.

"पाच," बिरुदेव म्हणाला. "म्या गुंडाला फोन करतो आप्पा. मेंढरांच्या व्यापाऱ्याला तुमी सांगा."

आप्पा उठून रानात गेले. आम्ही दोघं मागून गेलो. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून आधी रस्त्याकडच्या पट्ट्यातलं एक धसकट उपटलं, मग मधल्या पट्ट्यातलं, आणि दोन्ही शेजारी धरली. मधल्याचं मूळ लांब होतं.

"हितं किती रात्री?"

"एक."

"आन् तितं चार." त्यांनी धसकटं खाली टाकली. "माझा बा मेंढरं बसवत मेला. मी पन्नास वर्सं बसवली. किती रात्री बसवायची ते मालक सांगायचा. त्या रानात पीक कसं आलं ते आमी कवा बघितलंच न्हाय. पीक यायच्या आत आमी पुढच्या गावाला."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्या हापिसात कळतंय का गं, किती रात्री ते?"

"मातीत काय कमी आहे ते कळतं, आप्पा. रात्री नाही सांगता येत. नत्र कमी आहे असं मी सांगितलं तेव्हाच किती घालायचं तेही सांगायला हवं होतं."

"मला कळलं की," बिरुदेव म्हणाला. "एकच बसवायची."

"आन् पाऊस जास्त झाला तर?"

बिरुदेवने माझ्याकडे पाहिलं.

"मंग?" आप्पा म्हणाले. "कुटल्या सालाला एक, कुटल्याला दोन, ते बघाय लागंल की. चार-पाच सालं जात्याल."

"शब्द आठ पोत्यांचा होता, आप्पा."

"शब्द माझा होता. रानाला इचारून दिला नव्हता." ते बांधाकडे चालू लागले. "पर हे साल भरून काढाय पायजे. उद्या कळप घेऊन अकलूजला निघ. श्रावणात परत ये. आन् तितं मालक जाळी हलव म्हणला की का म्हणून इचार. आमी कवा इचारलं न्हाय."

संध्याकाळी बिरुदेवने गुंडाला फोन लावला. गुंडा पलीकडून बराच वेळ बोलत होता. "व्हय... व्हय... लई उपकार झालं... न्हाय, येत न्हाय," असं म्हणत बिरुदेव अंगणात फेऱ्या मारत राहिला, आणि आई आत त्याच्यासाठी वाटेच्या भाकरी थापायला बसली.