स्विचची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या हॉस्पिटलात सगळ्या यंत्रांची पूजा होते. यंदा नारायण सरांनी नेटवर्कच्या स्विचची, म्हणजे सगळे कॉम्प्युटर ज्यांना जोडलेले असतात त्या पेट्यांचीही केली. सर आयटी विभागाचे प्रमुख, मी उरलेला विभाग. तीन स्विच एकावर एक रचून जोडलेले, पण तिघांत डोकं एकच चालतं, ते वरच्यात. सरांनी बरोबर तिथंच हळदीकुंकू लावलं, हार घातला, फोटो काढून ग्रुपवर टाकला.

पावणेअकराला अख्खं हॉस्पिटल गोठलं.

मी लॅपटॉप जोडला. एक अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत आयुष्यातला एखादा निर्णय आठवून पस्तावायला सवड मिळत होती. शेवटी आकडा दिसला. प्रोसेसरवर नव्व्याण्णव टक्के भार.

"रीस्टार्ट कर," सर म्हणाले.

"सर, आधी कारण बघू या का?"

"प्रदीप, आत्ताच पूजा झालीय. सणाच्या दिवशी कारणं उकरू नयेत."

रीस्टार्टला बारा मिनिटं गेली. पुन्हा नव्व्याण्णव. शंभर होतच नव्हते. यंत्रालाही थोडी आशा शिल्लक ठेवायची सवय असावी.

स्विचची खोली तळमजल्यावर, लॅबला लागून. बाहेर बाकावर पारूबाई बसल्या होत्या. सांगोल्याहून नवऱ्याला, धोंडिराम यांना, घेऊन आलेल्या. धोंडिरामांची दोन डायलिसिस चुकलेली, आता तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत. मोकळं मशीन एक, पेशंट दोन. रक्तात पोटॅशियम ज्याचं जास्त, त्याला आधी. धोंडिरामांचा आकडा लॅबच्या कॉम्प्युटरवर तयार होता, फक्त वर जात नव्हता. हॉस्पिटलचे आतले फोन त्याच नेटवर्कवर, म्हणून तेही मेलेले. आयसीयूत मोबाइलला बंदी.

"लेकरा, त्यो आकडा कागदावर लिहून दे की," पारूबाई म्हणाल्या. "मी जाते घिऊन. तीनच तर जिने हायत."

"मावशी, कागद चालत नाही. मागं दोघांचे कागद अदलाबदल झाले, तेव्हापासून स्क्रीनवर येईल तोच रिपोर्ट. पाच मिनिटं थांबा."

"मगाशी बी पाचच म्हनलास."

"ती वेगळी होती."

त्या हसल्या नाहीत. मी विनोद केलाही नव्हता.

स्विचच्या नोंदींत एकाच कॉम्प्युटरचा पत्ता कधी वायर खोचायच्या सतराव्या खाचेत दिसे, कधी एकतिसाव्या. क्षणात इकडं, क्षणात तिकडं. हार बाजूला करून पाहिलं, तर एकाच वायरची दोन्ही टोकं त्या दोन खाचांत बसलेली. एका दाराने निघालेला निरोप दुसऱ्या दाराने परत घरात येत होता, आणि प्रत्येक फेरीत त्याची पिल्लं वाढत होती.

"सर, ही वायर?"

"एक टोक लोंबत होतं. फोटोत घाण दिसत होतं, म्हणून खोचलं."

असा फेरा अडवायची सोय स्विचमध्ये असते. महिन्यापूर्वी ती मीच बंद केली होती. तिच्यामुळे मोठ्या साहेबांचा प्रिंटर अर्धा मिनिट उशिरा जागा व्हायचा.

वायर ओढली. नव्व्याण्णव, साठ, सहा.

"बघ, कसं पळायला लागलं," सर म्हणाले.

लॅबच्या स्क्रीनवरून रिपोर्ट वर गेला. पोटॅशियम ७.४, तातडीने कळवा, वेळ ११:३६. पाठोपाठ वरून अडकलेली एक नोंद खाली आली. धोंडिराम, मृत्यू ११:२८. मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. त्याचा आकडा सकाळीच, सगळं नीट चालू असताना पोचला होता.

बाहेर आलो.

"आला का आकडा?"

"आला."

"किती?"

"सात पॉइंट चार."

"लई हाय का?"

"लई."

"मग पयला नंबर आमचाच की," म्हणत पारूबाई उठल्या, पिशवी काखेत मारली आणि जिन्याकडे निघाल्या. पेशंट गेल्याचं नातेवाइकांना फक्त डॉक्टरांनीच सांगायचं, असाही एक नियम आमच्याकडे आहे. पहिला जिना संपायच्या आत मी तो मोडला.