बावीस बुधवारांचा दादा

मी पाकिटातून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. मी कोरियातल्या बुसान शहराच्या भुयारी मेट्रोचा एक साधा पास. साधा म्हणजे पैसे भरले तरच चालणारा. माझ्या अंगावर एका लठ्ठ सीगलचं चित्र आहे आणि कुठूनही पाहिलं तरी तो नुकताच कुणाचा तरी मासा पळवून आल्यासारखा दिसतो. पुढे माझ्या हातून जे घडलं ते बघता चित्र काढणाऱ्याला दाद द्यायला हवी.

जन्म कारखान्यातला, भावंडं हजारोंनी. तिथून मी आलो सोम्यॉन स्टेशनबाहेरच्या एका छोट्या दुकानात. एका बाजूला च्युइंगम, दुसऱ्या बाजूला पायमोजे आणि मध्ये मी, आकड्याला लटकलेला. तरुण मुली येत आणि अस्वलाचे, सशाचे, गुलाबी मांजराचे पास घेऊन जात. सीगलकडे कुणी ढुंकून बघत नसे. दोन महिने मी असा लटकून काढले, आणि त्या दोन महिन्यांत मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

मग एका सकाळी प्यो सांग-दो आला. बुटांच्या कारखान्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेला, केस पांढरे, चाल ताठ. इकडेतिकडे बघून त्यानं दुकानातल्या बाईला हळूच विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला शोभेल असा आहे का एखादा?"

ती म्हणाली, "पासष्ट झाली असतील तर फुकट पास मिळतो की आजोबा. वॉर्डाच्या कचेरीत जा."

"ते मला माहीत आहे," असं गुरकावून त्यानं मलाच उचललं. सीगलचे पंख करडे आहेत, म्हणजे त्यातल्या त्यात वयस्कर, असा त्याचा हिशेब असावा. घरी गेल्यावर त्यानं मला काळ्या चामडी पाकिटात घातलं, असं की सीगलचं शेपूटसुद्धा दिसू नये. शेजारी त्याचं ओळखपत्र होतं. त्याच्यावरची जन्मतारीख वाचली आणि माझ्या लक्षात आलं की मी एका भानगडीत सापडलो आहे.

भानगड चव्वेचाळीस वर्षांची होती. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी वय विचारतात. थोरला कोण, धाकटा कोण, हे ठरल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. प्यो विशीत कारखान्यात लागला त्या दिवशी त्याच्यासमोर उभा होता योम बोंग-सिक, त्याच्याहून डोकंभर उंच आणि खरं म्हणजे पाच महिन्यांनी मोठा. आमच्याकडे दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं; योम एकोणसाठ सालचा, डुकराच्या वर्षातला. प्यो साठचा, उंदराच्या वर्षातला. आता हा उंच गडी आपल्याला राबवून घेणार, या धास्तीनं प्योनं छाती काढून सांगितलं, "अठ्ठावन्न. कुत्र्याच्या वर्षातला." अठ्ठावन्नचे कुत्रे म्हणजे चिवट आणि भांडकुदळ, अशी त्यांची ख्याती. योम कमरेत वाकला आणि म्हणाला, "दादा, मला सांभाळून घ्या."

तेव्हापासून प्यो दादा. योमनं त्याला कधी 'अरे' म्हटलं नाही, त्याच्या आधी चमचा उचलला नाही, दोन्ही हातांनी धरल्याशिवाय त्याचा पेला भरला नाही. प्योच्या साठीचा समारंभ करायचं योमनं ठरवलं तेव्हा प्यो बायकोला घेऊन आठ दिवस बेपत्ता झाला होता. बाकी सगळं सुरळीत चाललं होतं.

पण योमला पासष्ट पूर्ण झाली. त्यानं आपला जुना टेम्पो विकला, फुकट पास घेतला आणि धावत प्योकडे आला. दादा, तुम्हाला तर हा पास मिळून दीड वर्ष झालं असेल, सांगितलंत नाही कधी, असं म्हणून त्यानं एक वही काढली. आयुष्यभर या शहरात बूट चिकटवले, शहर बघायचं राहूनच गेलं. आता दर बुधवारी मेट्रोनं एकेक ठिकाण बघायचं.

प्योला खऱ्या पासष्टीला पाच महिने कमी होते. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून बुधवार मोजले. बावीस भरले. तेवढे बावीस बुधवार निभावले की त्याचाही पास फुकट होणार होता आणि दादापण मरेपर्यंत शाबूत राहणार होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला विकत घेतलं.

अडचण आवाजाची होती. फुकट्या पासाला गेटवर दोनदा टिंग होतं. माझ्यासारख्याला एकदाच. प्योनं यावर उपाय काढला तो असा की दुसरं टिंग तो तोंडानं काढणार. आठवडाभर तो स्वयंपाकघरात फ्रीजला मला टेकवून टिंग टिंग करत होता. त्याची बायको कुम-ह्वा कोबीला मीठ चोळत होती. तिनं वळूनही न बघता विचारलं, "अहो, डॉक्टरांना दाखवायचं का?"

पहिल्या बुधवारी योम पुढे गेला. टिंग-टिंग. मागून मी. टिंग. आणि वरून प्यो, मान खाली घालून, नाकात: "टिंग." एका कॉलेजच्या मुलीनं कानातला इअरफोन काढून आमच्याकडे बघितलं. योमला मात्र काही कळलं नाही, कारण तो पुढे जाऊन आपल्या दादासाठी सरकता जिना मोकळा करत होता.

असे आम्ही फिरलो. मी काही तुमच्यासारखं शहर बघितलं नाही. मी खिशातून वासावर ओळखलं. बमोसाच्या देवळात उदबत्तीचा वास, जागालचीच्या बाजारात बाम माशाचा, ओन्चॉनजांगला गरम पाण्याच्या हमामातून आलेल्या दोन ओल्या म्हाताऱ्यांचा. दादेपोच्या वाळूत प्यो पडला तेव्हा माझ्या पाकिटात वाळू गेली, ती अजून आहे. प्रत्येक ठिकाणी योम वहीत खूण करी आणि प्योला विचारी, "दादा, कसं वाटलं?" प्यो म्हणे, "मी पूर्वी पाहिलंय." तेही खोटं होतं. तोही पहिल्यांदाच बघत होता, आणि योम पाठमोरा झाला की लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून बघायचा. मला त्याची दया यायची. इतकी मजा येत होती आणि बिचाऱ्याला ती चेहऱ्यावर आणायची चोरी होती.

एकोणिसाव्या बुधवारी आम्ही हेउंदेच्या समुद्राकडे निघालो. डब्याच्या टोकाला वृद्धांच्या राखीव जागा असतात, तिथे प्यो बसला, योम त्याच्यासमोर दांडा धरून उभा राहिला. पुढच्या स्टेशनावर लाल बंडी घातलेले, डोंगर चढून आलेले एक आजोबा शिरले. त्यांनी प्योला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुझं वय काय रे? ऊठ."

योमला हे कसं सहन व्हावं. माझ्या दादाला अरे म्हणता, हे अठ्ठावन्नचे आहेत, असं त्यानं साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं सुनावलं. आजोबा म्हणाले, मी सत्तावन्नचा कोंबडा आहे, आणि हा जर अठ्ठावन्नचा असेल तर ओळखपत्र दाखवू दे. प्यो घाईघाईनं उठू लागला, म्हणाला, बसू द्या त्यांना, मला नाही तरी उभंच राहायचंय.

"तुम्ही बसा दादा," योम म्हणाला. "दाखवतो मी यांना."

आणि त्यानं प्योच्या खिशात हात घालून पाकीट ओढलं. आधी बाहेर आलो मी, सीगलसकट, भर उजेडात. योमनं मला उलटंपालटं केलं. मग त्यानं ओळखपत्र काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वाचलं. 

"साठ," तो म्हणाला. "साठचा मार्च."

आमच्याकडे मेट्रोत दोन माणसं भांडली तर लोक मोबाइलमध्ये बघतात, पण त्या दिवशी मोबाइलमध्येसुद्धा कुणी बघेना. लाल बंडीवाल्या आजोबांना वाईट वाटलं. बसा हो, वयाचं काय एवढं, मी पुढच्याला उतरणारच आहे, असं ते पुटपुटले. पण पुढच्याला उतरला योम. त्यानं मला आणि ओळखपत्राला नीट पाकिटात घातलं, पाकीट दोन्ही हातांनी प्योला दिलं आणि मागे न बघता गेला. ते दोन हात बघून प्योचा चेहरा पडला, तसा तो मला पुन्हा कधी दिसू नये.

पुढचे दोन बुधवार प्यो एकटाच फिरला. वहीतलं एकेक ठिकाण त्याला पाठ होतं. ग्वांगआल्लीच्या पुलाकडे तोंड करून तो तासभर बसला आणि 'कसं वाटलं' असं विचारायला शेजारी कुणी नव्हतं. फोन केला तर योम उचलेना. कुम-ह्वा त्याला म्हणाली, "पाच महिन्यांचा फरक, अहो. वाकला असतात तर कंबर काय मोडली असती?" रात्री त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि नुसता बघत बसला, जणू दोष माझा होता.

बाविसाव्या बुधवारी सकाळी तो योमच्या स्टेशनावर गेटबाहेर जाऊन उभा राहिला. योम रोज फिरायला निघतो ती वेळ त्याला माहीत होती. योम जिन्यावरून आला, थबकला. प्यो, सगळ्या गर्दीच्या मध्ये, कमरेत काटकोनात वाकला. इतका वाकला की मी वरच्या खिशातून बाहेर डोकावलो.

"दादा," प्यो म्हणाला. "चुकलं माझं."

लोक त्यांना वळसा घालून जात होते. योम म्हणाला, चला, इथे तमाशा नको.

दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात रस्साभात खायला बसले. प्योनं बाटली उचलली, दोन्ही हातांनी. योमचा हात सवयीनं आधीच बाटलीकडे गेला होता. दोघांच्या चार हातांत बाटली अडकली आणि आतली दारू, आमची सोजू, टेबलावर सांडली.

योमनं हात मागे घेतला. "आता थोरला मी ना?"

"हो."

"मग मी सांगेन ते ऐकायचं."

"ऐकायचं."

योमनं खुर्चीत रेलून बसायचा प्रयत्न केला, तो त्याला शोभेना. त्यानं घसा साफ केला आणि "अरे सांग-दो" म्हणून पाहिलं. आवाज फाटला. पुन्हा म्हणून पाहिलं, तर स्वतःच इतका शरमला की कान लाल झाले. त्यानं चमचा खाली ठेवला.

"हे बघा, मी पासष्टीचा झालो. चव्वेचाळीस वर्षं जीभ एका बाजूला वळली, ती आता नाही उलटी वळत. थोरला म्हणून माझा पहिला आणि शेवटचा हुकूम ऐका. आजपासून दादा तुम्हीच."

प्यो म्हणाला, हे बरं नव्हे, मला ते घेता येणार नाही.

"थोरल्याला उलट बोलायचं नसतं," योम म्हणाला.

प्योची मान खाली गेली आणि त्याची आसवं रश्श्यात पडू लागली. पांढऱ्या केसांचा मुकादम, भर दुकानात. मलाही भरून आलं, पण चामड्याच्या पाकिटात रडायची सोय नसते. योमनं त्याला रडू दिलं. मग उकडलेल्या डुकराच्या मांसाची एक मोठी थाळी मागवली, ती मुख्यतः स्वतःच संपवली, वरून आणखी एक बाटली घेतली आणि बिल आलं तेव्हा ते बोटानं हळूच टेबलाच्या पलीकडे सरकवलं.

"दादा, बिल."

आमच्याकडे बिल नेहमी थोरल्यानं द्यायचं असतं. योमचा चेहरा इतका निष्पाप होता की हा माणूस मोठ्या मनाचा आहे की नुसताच हुशार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्योनं मात्र बिल दिलं, आणि देताना तो जितका खूश दिसला तितका सबंध बावीस बुधवारांत दिसला नव्हता.

आज शनिवार. सोमवारी प्योला त्याचा खराखुरा फुकट पास मिळेल आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये होईल, जुन्या चष्म्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या संगतीत. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. खोटं बोलून माझं पुरेसं झालं आहे. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. वय लपवायचंच असेल तर खुशाल लपवा, पण ज्याच्यापासून लपवाल, तो माणूस योमसारखा निवडा.