मागच्या चाकाजवळची गळती

परभणी सोडून दहा-बारा किलोमीटर झाले असतील, तेव्हा ती मोटारसायकल मला आरशात पहिल्यांदा दिसली. दोन माणसं, मागच्याच्या गळ्यात मळका गमछा. पुढं जायला रस्ता मोकळा होता, तरी ते जात नव्हते. मी वेग कमी केला की तेही कमी करायचे.

मला अशा गोष्टी लगेच दिसतात. बाळी झाल्यापासून तर फारच. ती नऊ महिन्यांची आहे. मागं तिच्या छोट्या सीटमध्ये ती पट्ट्यांनी बांधलेली झोपली होती आणि शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. ती सीट मी हट्टानं मागवली होती. पोरीला पोत्यासारखं बांधलीस म्हणून आत्याबाईंनी घरातून निघतानाच ऐकवलं होतं.

आम्ही पालमच्या अलीकडं आमच्या शेतात निघालो होतो, येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला. येळवशीच्या दिवशी त्या भागात गावात माणूस सापडत नाही, सगळी शेतात. माझ्या माहेरी, पेडगावला, या सणाचं एवढं नसायचं, त्यामुळं लग्नानंतर मला सगळं नव्यानं शिकावं लागलं. गोपाळ, माझा नवरा, आणि मामंजी कडब्याची कोप, पूजेची खोपटी, घालायला आदल्या दिवशीच गेले होते. आम्ही दोघींनी एसटीनं पालमला उतरावं, तिथून तो घेऊन जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, गाडी घरीच उभी आहे, मी आणते. तो फोनवर म्हणाला, "बघ बाई. पोरगी हाय संगं."

एवढंच. पण ते वाक्य सकाळपासून माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं. लायसन्स मिळून दोनच महिने झालेले. आतापर्यंतची माझी मजल म्हणजे भाजीबाजार आणि बाळीच्या लसीचा दवाखाना. आज काही बिनसलं असतं तर मला कुणी रागावलं नसतं, आमच्या घरात रागावत नाहीत. फक्त किल्ली पुन्हा गोपाळच्या शर्टाच्या खिशात गेली असती आणि ती मागायचा मला बरीच वर्षं धीर झाला नसता.

दैठण्याचा फाटा मागं पडल्यावर मोटारसायकल माझ्या बरोबरीला आली. मागच्यानं हात लांब करून माझ्या गाडीच्या मागच्या चाकाकडं बोट दाखवलं, मग बोट हवेत गोल फिरवलं. काच बंद होती. तो काय ओरडत होता ते कळत नव्हतं, पण तोंड हलताना 'ऑईल' हा शब्द मला दिसला.

हे मला माहीत होतं. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर याचे व्हिडिओ येतात. गतिरोधकावर गाडी हळू झाली की चाकावर तेल शिंपडायचं, मग बरोबरीनं येऊन सांगायचं की गळती आहे, आणि मग ओळखीच्या शेडमध्ये नेऊन नसलेली दुरुस्ती गळ्यात मारायची. मी मान हलवून नको म्हटलं आणि समोर बघत राहिले. ब्रेकवर पाय ठेवून बघितला. पेडल घट्ट होतं, गाडी नीट हळू होत होती. पुन्हा एकदा बघितला. पुन्हा नीट.

आत्याबाईंनी विचारलं, ते लोक काय म्हणायलेत. मी सांगितलं, काही नाही, गिऱ्हाईक शोधायलेत.

पण पुढच्या वळणावर मी बाहेरच्या आरशात बघितलं. मागच्या डाव्या चाकाजवळून खरंच काहीतरी ठिबकत होतं. डांबरावर ठिपके पडत होते, आमच्या मागं, एकसारखे.

पुढं गंगाखेडच्या अलीकडं गोदावरीचा पूल. पुलावर उतार, समोरून उसाचे ट्रॅक्टर. मागं बाळी. व्हिडिओमध्ये थांबू नका सांगतात, पण खरंच गळत असेल तर काय करायचं, ते सांगत नाहीत.

एका हॉटेलच्या समोर, जिथं चार माणसं चहा पीत होती, तिथं मी गाडी घेतली. ती जागा मी मुद्दाम निवडली. खाली उतरण्याआधी आत्याबाईंना सांगितलं की दार आतून लावून घ्या आणि मी म्हणेपर्यंत उघडू नका. मोटारसायकल आमच्या मागं येऊन थांबलीच. हॉटेलच्या बाजूला त्यांची शेड होती, पत्र्याची, वर जुन्या टायरांची रांग लावलेली. म्हणजे मी माझ्या पायानंच त्यांच्या दारात आले होते.

गमछावाल्याचं नाव बन्सीधर. मोटारसायकल चालवणारा सिताराम, तो फारसा बोलत नव्हता. बन्सीधर मात्र थांबतच नव्हता. ब्रेक ऑईल चाललंय ताई, पाइप फुटलाय, दोन किलोमीटरवर ब्रेक फेल होतो, मागच्याच आठवड्यात एका मास्तरांची अशीच गाडी होती, आता नाव कशाला घ्यायचं. बोलता बोलता त्यानं शेडमधून जॅक आणलासुद्धा. मी म्हटलं, जॅक तिथंच ठेवा, गाडीला हात लावायचा नाही, आधी मला बघू द्या. तो म्हणाला, बघा की, तुमचीच गाडी हाय. मी वाकायच्या आतच तो मागच्या चाकाजवळ उताणा झाला आणि हात बाहेर काढून मला बोटं दाखवली. ओली, आणि त्यावर काहीतरी पांढरट.

मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र. ब्रेकचं तेल पांढरं नसतं एवढं मला कळतं. पण त्या क्षणी मला कळलं ते नाकानं. आंबट वास, लसणाचा, ताकाचा.

डिकीत आंबिलीचं मडकं होतं.

चूक माझीच. आत्याबाई ते मांडीवर घेऊन बसणार होत्या. येळवशीची आंबील घरातून निघाली की शेतात पोचेपर्यंत हातातच असायला लागते, त्यांच्या सासूबाईंनी डोक्यावर नेलेली, मामंजींनी खांद्यावर. मी म्हटलं होतं, बाळीच्या शेजारी एवढं मोठं मडकं नको, ब्रेक लागला तर तिच्या अंगावर येईल. गोधडीत गुंडाळून मीच ते डिकीत ठेवलं होतं. कुठल्यातरी खड्ड्यात ते कललं. ज्वारीच्या पिठाची ती आंबट आंबील गोधडी भिजवून खाली उतरली होती, स्टेपनीच्या खड्ड्यात, आणि तिथलं रबरी बूच कधीच पडून गेलेलं होतं.

बन्सीधर उठून बसला होता. त्यानंही वास घेतला. कपाळाला आठी घातली, पुन्हा वास घेतला आणि बोट तोंडाकडं न्यायला लागला.

"ए बाबा, जिभेला लावू नको," आत्याबाई काच खाली करून म्हणाल्या. "निवद न्हाई झाला अजून."

त्याचा हात तिथंच थांबला.

मला वाटलं तो हसेल, किंवा काहीतरी टाकून बोलेल. तो उठला, रस्त्याच्या कडेच्या ज्वारीच्या बांधापर्यंत गेला आणि गवताला बोटं पुसून आला. पँटला नाही पुसली. आल्यावर त्यानं आत्याबाईंना विचारलं, शेत कुठं हाय तुमचं. त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, आमचं अहमदपूरकडं, तिकडंबी आज हेच.

"मग तू हितं काय करायलास?" आत्याबाईंनी विचारलं. "येळवशीला माणूस शेतात असतंय का लोकाच्या गाड्या अडवत असतंय?"

सितारामला हसू आलं. बन्सीधरनं त्याच्याकडं रागानं बघितलं. शेत भावाकडं आहे, आणि येणंजाणं नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. आत्याबाई दार उघडून उतरल्या. मी नको म्हणत होते, तरी उतरल्या. डिकी उघडून मडकं सरळ केलं, आत डोकावल्या. निम्मी उरली होती.

"पिकाभोवती शिंपायचीच असती," त्या म्हणाल्या. "आपण परभणीपासून शिंपत आलो."

हॉटेलातली माणसं हसली. मलाही हसू आलं. बन्सीधरला मी विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का हे ऑईल नाही ते. तो खोटं बोलला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, "ताई, पाणी असू, एसीचं असू, आमी ऑईलच म्हणतो. त्याबिगर गाडी थांबत न्हाई."

मी किल्ली घेतली. निघणार, तेवढ्यात तो गाडीच्या पुढं जाऊन बसला. कडेला घेताना मी स्टिअरिंग सरळ केलं नव्हतं, पुढचं डावं चाक वळलेलंच होतं, आणि त्याची एरवी न दिसणारी आतली बाजू समोरून उघडी पडली होती. तो तिथं बराच वेळ बघत राहिला. मग मला हाक मारली. या वेळी ओरडून नाही.

"ताई, हे मातर खरं हाय. टायरला फुगा आलाय."

मी जागची हलले नाही. पाचच मिनिटांपूर्वी याच माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की तो काय करतो. वर टायरांची रांग लावलेली. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. गोपाळला फोन लावावा असं मनात आलं. तो मोटारसायकलवर तासाभरात आला असता. आला असता, टायर बघितलं असतं, बदललं असतं, आणि उरलेला रस्ता त्यानंच गाडी चालवली असती.

मी बन्सीधरला मागं सरकायला सांगितलं आणि गुडघ्यावर बसले. आधी उजव्या चाकाला आतून हात फिरवला. सपाट. मग इकडं येऊन डाव्याला. लिंबाएवढं काहीतरी हाताला लागलं, मऊ. त्याच्याभोवती धूळ बसलेली होती, जुनी, वाळलेली. तो या बाजूला आल्यापासून मी त्याच्यावरून नजर काढली नव्हती, आणि असा फुगा दोन मिनिटांत कुणाला करता येत नाही. कधीतरी आमच्याच गल्लीतल्या गटाराच्या कडेला मी चाक आपटलं असणार. त्या टायरवर मी बाळीला घेऊन सत्तरच्या वेगानं आले होते.

उठले तेव्हा बन्सीधर शेडमधून एक टायर आणायला निघालाच होता. जवळजवळ नवं आहे, पन्नास हजार किलोमीटर बघायला नको, तुमच्यासाठी म्हणून. मी म्हटलं, टायर नको, स्टेपनी बसवा. तो म्हणाला, स्टेपनीवर लांब जाऊ नये ताई. मी म्हटलं, चाळीसच्या वर जाणार नाही. मग नंतर दोन्ही टायर माझ्याकडूनच घ्या. मी म्हटलं, टायर मी परभणीत घेईन, तुम्ही स्टेपनी बसवता का मी बसवू. तो सितारामला म्हणाला, घे पाना.

स्टेपनी बाहेर काढली तर ती आंबिलीनं न्हालेली. सितारामनं बादलीभर पाणी आणून ती धुतली. चाक बदलेपर्यंत मी शेजारी उभी होते, बाळीला कडेवर घेऊन, आणि प्रत्येक नट कुठं ठेवतात ते बघत होते. गोपाळचा फोन आला. मी सांगितलं, टायरला फुगा आला होता, स्टेपनी बसवून घ्यायलेय, अर्धा तास उशीर होईल. थांब, मी येतो, तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नका, पूजेची तयारी करून ठेवा, आंबील निम्मीच येणार आहे.  बरं, म्हणाला.

बन्सीधरनं चाक बदलल्याचे पैसे मागितले, मी दिले. आत्याबाईंनी दोघांना शेताची खूण सांगितली. पालमच्या अलीकडं, डाव्या हाताला चिंच, तिथून आत. आंबील कमी पडली तर ताक घालू म्हणाल्या. येतो असं तो म्हणाला नाही, आणि येत नाही असंही म्हणाला नाही.

आम्ही चाळीसनं निघालो. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढं जात होते. मडकं आता आत्याबाईंच्या मांडीवर होतं आणि या वेळी मी हरकत घेतली नव्हती.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर, पूल दिसायच्या आधी, मी एका झाडाखाली गाडी कडेला घेतली. आत्याबाईंनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, एकदा नट बघते. मला वाटलं होतं त्या म्हणतील, किती संशय घेतीस, दुपार व्हायली. त्यांनी बाळीच्या तोंडावरचं ऊन हातानं अडवलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "निवांत बघ."

डिकीतून पाना काढला. पहिल्या नटावर दोन्ही हातांनी जोर लावला. हलला नाही. दुसराही नाही. तिसऱ्यावर पाय देऊन बघितलं, चौथ्यावरही. चारही पक्के होते. हात ओढणीला पुसून मी गाडी सुरू केली आणि पुलावर घातली.