पाठीवरचं नाव

“डॉसन असं लाव,” क्लेम म्हणाला. “तेरा नंबर, डॉसन. बाकी तुला काहीच करायचं नाही.”

एनाने हातातली जर्सी तशीच टेबलावर ठेवली. मैदानामागची ती पत्र्याची खोली दुपारची नुसती भाजत होती, त्यात नावं चिकटवायचं इस्त्रीचं यंत्र तापलेलं. क्लेम वॉर्ली म्हणजे मॅरिगल क्लबाचा कोच आणि तिच्या नवऱ्याचा, रॉयचा, लहानपणापासूनचा दोस्त. रॉय गेला तेव्हा पेटीला खांदा द्यायला हाच पुढे होता. त्याला नाही म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

“आणि घालणार कोण ती?” तिने विचारलं. तिला कळलं होतं, पण विचारलं.

“डेन्झिल.”

डेन्झिल तिचा एकुलता एक मुलगा. टायरेल डॉसन तिच्या बहिणीचा. दोघं एका अंगापिंडाचे, एकाच कुरळ्या केसांचे. डोक्याला ती मऊ पट्ट्यांची टोपी बांधली की पाठमोरे असताना सख्ख्या आयांचीही फसगत व्हायची. तेरा नंबर टायरेलचा होता, पण परवाच्या सरावात त्याचा गुडघा गेला होता, आणि ही गोष्ट क्लबाबाहेर कोणाला माहीत नव्हती. डेन्झिलला डॉक्टरने खेळायला बंदी केली होती, आणि ही गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचं डोकं गेलं. क्लेमने दोघांची बेरीज करून एक धडधाकट गडी बनवला होता.

क्लेमचा हिशेब वेडा नव्हता, हीच भीतीची गोष्ट. रग्बी लीगमध्ये नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. एक म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा, सात म्हणजे खेळ चालवणारा, तेरा म्हणजे घोळक्याच्या शेपटाला राहून समोर येईल त्याला आडवा करणारा. मोसमभर मॅरिगलच्या जर्सींवर नुसते नंबर असतात. आज तेरावर तू, उद्या तुझा भाऊ, जर्सी क्लबाचीच. फक्त फायनलला पाठीवर नाव लागतं, आणि त्या दिवशीची जर्सी खेळाडू कायमची घरी नेतो. गावातल्या घराघरांत ती काचेत घालून लावलेली असते, आणि लग्नाचा फोटो तिच्या खाली. ती नावं लावायचं काम कित्येक वर्षं एनाचं. शनिवारी मैदानावर बसणारा डॉक्टर दूरच्या टाउन्सव्हिल शहरातून येणार होता. त्याला इथली माणसं ठाऊक नव्हती. तो नंबर बघणार, नाव बघणार, बंदीच्या यादीत ते नाही म्हणून आपल्या कागदावर खूण करणार.

“डॉक्टर म्हणाला ते तू ऐकलंस ना?” एना म्हणाली.

“डॉक्टर लोक घाबरवतातच गं. आम्ही काय कमी डोकी आपटली? काय झालं आम्हाला?”

दाराशी पोचल्यावर तो वळला आणि म्हणाला, “आम्ही काय कमी डोकी आपटली? काय झालं आम्हाला?” मघाशीच हे बोललो, असं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. एना बराच वेळ त्या उघड्या दाराकडे बघत राहिली.

सेमीफायनलच्या दिवशीचं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. डेन्झिल पडला, उठला, आणि खेळात परत जायचं सोडून थेट तिच्याकडे चालत आला. ती कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. तो म्हणाला, “आई, बाबांनी गाडी कुठे लावलीय?” रॉयला जाऊन सहा वर्षं झाली होती. डेन्झिल मात्र इतक्या सहज विचारत होता की तिने क्षणभर मागे वळून गाडीच्या जागेकडे पाहिलंसुद्धा. या मोसमात डोक्याला मार बसायची ही तिसरी खेप. त्या दिवशीच्या डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की आता महिनाभर मैदान नाही, गाडी चालवणं नाही. आधीचा मार भरून यायच्या आत पुन्हा लागलं तर मेंदू सुजतो आणि माणूस जागेवर जातो. समजावून वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. एनाला तो माणूस त्याबद्दल आवडला आणि त्याची भीतीही वाटली.

घरी डेन्झिल पडदे ओढून बसला होता. नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती ती त्याने चिवडली आणि ठेवून दिली. एनाने विचारलं, उजेडाचा त्रास होतोय का. तो म्हणाला, नाही, झोप आली म्हणून पडदे. डोकं दुखतंय का. नाही. आई पोराला विचारते आणि पोर आईला फसवतं, दोघांनाही ते माहीत असतं, आणि तरी रोज तेच चालू राहतं.

मग तिने क्लेमचं नाव काढलं. त्याने मान वर केली नाही.

“मीच म्हटलं क्लेमला,” तो म्हणाला.

“तू?”

“अकरा वर्षं खेळतोय, आई. पहिली फायनल आहे माझी. बाबा दोन खेळले. पुढच्या वर्षी मला कोण घेणार आहे? तू नुसतं नाव लाव. तुला काही बोलायचं नाही, काही करायचं नाही.”

“आणि तुला काही झालं म्हणजे?”

“तू आडवी आलीस तर मी तुला जन्मात माफ करणार नाही.” हे तो ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो ताटाकडे बघत, अगदी हळू बोलला.

शुक्रवारी तिने दोनदा फोन हातात घेतला. लीगच्या कचेरीला कळवलं की संपलं. पण मग डेन्झिलच नाही, अख्खा क्लब फायनलमधून बाद. सतरा जणांच्या सतरा आया, आणि त्यांतली एक तिची सख्खी बहीण. उद्या दुकानात, चर्चमध्ये, साखर कारखान्याच्या फाटकाशी याच बायका भेटणार. तिला त्यांची भीती वाटत होती, आणि आपल्याला अशा वेळी बायकांची भीती वाटते याची लाजही वाटत होती. तिने फोन ठेवून दिला. बहिणीला सांगावं म्हटलं, तर बहीण म्हणाली, “टायरेलचं नाव लागतंय ना जर्सीवर, मग निदान जर्सी तरी आमच्या घरी येऊ दे.” एना घरी आली.

शनिवारी सकाळी जवळच्या शेतात ऊस पेटवला होता. काळी राख उडून पत्र्यावर, गवतावर, दोरीवरच्या टॉवेलांवर पडत होती. एनाने खोलीची खिडकी लावून घेतली आणि एकापासून नावं लावायला सुरुवात केली. तेरा तिने मुद्दाम शेवटी ठेवला. अक्षरं मांडायची, वर कागद ठेवायचा, यंत्राचा दांडा खाली ओढायचा, दाबून धरायचा. एकदा चिकटलं की चिकटलं. काढायला गेलं तर कापडच हातात येतं.

तिने डॉसनचं पहिलं अक्षर मांडलं. दांड्याला हात घातला, आणि हात खाली जाईना. देवा, तूच कर काहीतरी, असं ती मोठ्याने म्हणाली. देवाने काही केलं नाही. मग तिने ते अक्षर उचलून डब्यात टाकलं, दुसरी अक्षरं काढली, एकेक करून सरळ रेषेत मांडली, आणि दांडा ओढला. सँटो. तिच्या नवऱ्याचं नाव, तिचं नाव, तिच्या पोराचं नाव. दांडा वर केला आणि अक्षरं निवेपर्यंत ती जमिनीवरच बसून राहिली.

मॅरिगलमध्ये फायनलची जर्सी कोणी स्वतः उचलत नाही. सगळे बाकांवर बसतात, एना नंबर आणि नाव पुकारते, आणि तो तो येऊन दोन्ही हातांनी जर्सी घेतो. आया, बापे, म्हातारे खेळाडू दाराशी दाटीवाटीने उभे असतात. तिथे एरवी बडबडणारी माणसंसुद्धा चूप असतात.

एक, दोन, तीन. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा वाटत होता. डेन्झिल टोपी बांधून कोपऱ्यात बसला होता, मान खाली. टायरेल दाराशी, एका पायावर भार देऊन, साध्या कपड्यांत. बारा नंबरवाला घेऊन गेला. एनाने पुढची जर्सी उचलली.

“तेरा,” ती म्हणाली. “सँटो.”

आणि जर्सी उलटी करून, नाव सगळ्यांना दिसेल अशी धरली.

डेन्झिल उठला होता तो अर्ध्यावर थांबला. क्लेम पुढे आला. त्याचं तोंड लाल झालं होतं.

“हे काय आहे, एना?”

“त्याचं नाव आहे.”

“काढ ते.”

“निघत नाही. फाटेल.”

क्लेमने साधी, बिननावाची जर्सी मागितली. तेव्हा दाराशी उभा टायरेल बोलला. तो बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. “सोळा जणांच्या पाठीवर नाव आणि एकाच्या नाही, तर पंच आधी त्यालाच थांबवेल, क्लेम. सोड ना. आंटी बरोबर करतायत.”

क्लेमने हातातला टॉवेल बाकावर आपटला आणि पाठ फिरवली. डेन्झिल चालत आईपुढे आला. इतका जवळ, की त्याच्या डोळ्यांतला तांबूसपणा तिला दिसला. त्याने जर्सीला हात लावला नाही.

“घरी माझ्याशी बोलू नकोस,” तो म्हणाला, आणि दाटीतून वाट काढत बाहेर गेला.

अजून चार जण बाकावर बसलेले होते, आणि त्यांचा काय दोष. तिने तेरा नंबर घडी करून बाजूला ठेवला. “चौदा,” ती म्हणाली, आणि त्याचं नाव घेतलं, मग पंधरा, सोळा, सतरा. तिघांनी नजर चुकवून जर्सी घेतली. सतरा नंबरचा पोरगा, ज्याला आता तेराच्या जागी उभं राहायचं होतं, तिचा हात क्षणभर धरून राहिला. त्याच्याही हाताला घाम फुटला होता.

मॅरिगल जिंकलं. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना पुढे गेलं, शिट्टी वाजली, आणि अख्खं गाव कुंपणावरून आत धावलं. एनाला वाटलं होतं, हरले तर सगळं माझ्या माथी येईल. जिंकल्यावर कळलं की हे त्याहून वाईट. सामनाभर तिच्या हातातून कोणी पाण्याची बाटली घेतली नव्हती. खाली वाकून पेटीतून स्वतः काढून घेत होते. डेन्झिल पलीकडे कुंपणाला टेकून उभा होता. सगळे धावले, तो धावला नाही. त्याच्याशिवाय जिंकले होते, आणि ते त्याला उभं राहून बघावं लागलं होतं. तिला त्याच्याकडे जावंसं वाटत होतं, आणि धीर होत नव्हता.

गाव क्लबात बिअर प्यायला गेलं. तिला कोणी बोलावलं नाही, बहिणीनेही नाही. तिने बाटल्या गोळा केल्या, पेट्या आत लावल्या, खोलीला कुलूप घातलं. गाडीपाशी आली तर डेन्झिल आधीच चालवायच्या जागेवर बसलेला, किल्ली लावून. डॉक्टरने गाडी चालवू नको म्हटलं होतं. ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण आज एक गोष्ट तिने त्याच्या हातून काढून घेतली होती, दुसरी काढून घ्यायचं तिच्यात बळ नव्हतं. ती शेजारी बसली.

दोन्ही बाजूंनी ऊस, मधून रस्ता. ऊन कलत होतं. तो रागात होता, पण गाडी हळू चालवत होता, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. बोलू नको म्हणाला होता, म्हणून ती बोलली नाही. तिने मनात हजार वाक्यं जुळवली आणि हजारही टाकून दिली. माफी मागावी तर कशाची मागावी? तो जिवंत आहे, याची?

उसाची रूळगाडी जिथे रस्ता ओलांडते, तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. डेन्झिलने गाडी थांबवली. एनाला वाटलं, आता हा बोलणार. आता इथे मला काय काय ऐकवायचं ते ऐकवणार. तिने अंग आवळून धरलं. बोलू दे, ओरडू दे, शिव्या देऊ दे. कसं का होईना, पण बोलू दे.

त्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हतं. रूळगाडीही येत नव्हती. त्याची बोटं स्टीअरिंगवर घट्ट आवळलेली होती, आणि चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता. तिथे आता लहान मूल गर्दीत आईचा हात सुटल्यावर दिसतं तसं काहीतरी होतं. याच रस्त्याने तो शाळेत गेला होता, सरावाला गेला होता, बापाची पेटी घेऊन गेला होता.

तेव्हा तिला कळलं.

मागून एक गाडी आली, जरा थांबली, बाजूने निघून गेली. एना समोर काचेकडे बघत होती. मीठ कुठे आहे ते सांगावं, तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, “डावीकडे.”

त्याने वळायचा दिवा लावला आणि गाडी डावीकडे घेतली.

“माहीत आहे मला,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“हो रे,” एना म्हणाली. आणि पुढचं वळण यायच्या जरा आधीच, हळूच, “आता उजवीकडे.”